तीन शिंका आणि मानाची परात

शुक्रवारी सकाळी मुतलक वजनकाट्यावर उभा राहिला तेव्हा काट्याने सत्त्याण्णव दाखवले. तो उतरला, पायातल्या सपाता काढल्या आणि पुन्हा चढला. सत्त्याण्णवच. मग त्याने मनगटावरचं घड्याळ काढलं. दाराशी उभी राहून हा सगळा प्रकार बघणारी त्याची बायको नूरिया म्हणाली, "आता दाढी काढून बघा."

"काटा बिघडलाय."

"काटा नाही बिघडला. रोज पहाटे समुद्रावर फिरून येताना टपरीवर दुधाचा कडक चहा, त्यात साखर तीन चमचे, आणि वर पाकात बुडवलेले लुगैमातचे तळलेले गोळे. त्या आहारवाल्या डॉक्टरीणबाईंनी काय बजावलं होतं?"

डॉक्टरीणबाईंनी जे बजावलं होतं ते मुतलकला तोंडपाठ होतं. पोटाचा मोठा भाग कापून टाकलाय, उरलंय ते केळ्याएवढं. आधी मांस, मग भात, घास छोटा, चावून चावून, जेवताना पाणी नाही. पातळ गोड मात्र कुठल्याही पोटातून वाट काढतं, त्यापासून दूर राहा; शंभराला टेकलात की मधुमेहाच्या गोळ्या पुन्हा सुरू. दोन वर्षांपूर्वी तो एकशे अठ्ठेचाळीस किलोंचा होता. शस्त्रक्रियेनंतर अठ्ठ्याऐंशीवर आला, आणि तिथून चहा-चहा करत परत वर चढू लागला होता.

पोट कापून घेणं ही कुवेतमध्ये काही लपवायची गोष्ट राहिलेली नाही. कुठल्याही दिवाणियात, म्हणजे पुरुषांच्या बैठकीत, दहा माणसं बसली तर तिघांचं झालेलं असतं आणि चौथा तारीख घेऊन आलेला असतो. पण मुतलकने वीस वर्षं त्याच बैठकीत बसून अशा लोकांची टर उडवली होती. "जिभेला लगाम नाही म्हणून पोटाला कात्री!" हे त्याचं ठरलेलं वाक्य. त्यामुळे स्वतःची वेळ आली तेव्हा तो ऑफिसच्या कामाला म्हणून अम्मानला गेला, तिथे गुपचूप कात्री लावून घेतली, आणि परतल्यावर वजन उतरू लागलं तसं सांगू लागला, "काही नाही हो, पहाटे चालतो. मन घट्ट हवं." लोकांनी हे इतकं मनावर घेतलं की आता रोज पहाटे पाच वाजता अकरा माणसं धापा टाकत त्याच्या मागून चालत. सगळ्यात मागे असे त्याचा मेहुणा गानिम.

या घट्ट मनाची कीर्ती जहरा शहराच्या पलीकडे राहणाऱ्या हाजी शाफींच्या कानावर गेली. ऐंशीच्या घरातला, जुन्या वळणाचा माणूस. त्यांनी निरोप पाठवला, "ज्यानं मनाच्या जोरावर साठ किलो उतरवले, त्याची लेक माझ्या नातवाला हवी." नातू फलाह शाळेत शिक्षक होता, आणि मुतलकची लेक मनायर त्याच शाळेत शिक्षिका. चार स्थळं धुडकावून लावलेल्या पोरीने पहिल्यांदाच मान हलवली होती. आज दुपारच्या नमाजानंतर हाजींच्या वाळवंटातल्या तंबूत मुतलकला मानाचं जेवण होतं. ते नीट पार पडलं की बोलणी पक्की.

न्याहारीच्या वेळी मनायर म्हणाली, "बाबा, राजकारण काढू नका, चालण्यावर भाषण देऊ नका. तुम्ही तिथं काहीच करू नका, नुसतं जेवून या."

मुतलकने तोंडाशी नेलेला दह्याचा चमचा परत वाटीत ठेवला.

कारण नेमकं तेच त्याला जमण्यासारखं नव्हतं. मानाच्या पाहुण्याने परातीवरून हात उचलला की सगळ्यांनी हात उचलायचा, ही तिथली रीत. मग कुणाचं पोट भरलेलं असो की नसो. मुतलक वीस वर्षांचा असताना एका लग्नात मानाच्या पाहुण्याची दाढ ठणकली आणि तो चौथ्या घासाला उठला. साठ माणसं उपाशी घरी गेली. त्या माणसाला जाऊन दहा वर्षं झाली, पण लोक अजून त्याचं नाव घेऊन बोटं मोडतात.

"मी सात घासांत संपतो," मुतलक बायकोला म्हणाला. "आठवा घातला की शिंका सुरू होतात. तीन शिंका म्हणजे आतून दार बंद. पुढचं सगळं उलटं."

"मग खरं सांगून टाका."

"आज? ज्या गोष्टीसाठी ते पोर मागतायत, तीच खोटी म्हणून सांगू?"

नूरियाने थोडा विचार केला. "गानिमला शेजारी बसवा. माझा भाऊ एका बैठकीत अर्धं कोकरू संपवतो. तुमच्या पुढ्यातलं हळूच त्याच्याकडे सरकवायचं. हात तुमचा चालू, तोंड त्याचं."

मुतलकला ही युक्ती इतकी आवडली की त्याने बायकोच्या कपाळाचं चुंबन घेतलं. गानिमला फोन केला तेव्हा तो पलीकडून पडेल आवाजात म्हणाला, "येतो, दाजी." मुतलकला घाईत त्याचं काही वाटलं नाही.

फेब्रुवारीचा महिना, गार वारा आणि स्वच्छ ऊन. तंबूत तीन पराती मांडल्या होत्या, प्रत्येकीत भाताचा डोंगर आणि त्यावर अख्खं कोकरू. एकेका परातीभोवती आठ माणसं. हाजी शाफी यजमान म्हणून बसले नाहीत. पाठीला बाक आलेला तो काटकुळा म्हातारा तंबूच्या खांबाला टेकून सगळ्यांवर नजर ठेवून उभा होता. आग्रहाचं खातं त्यांच्या थोरल्या मुलाकडे, म्हणजे फलाहच्या जाबिरकाकाकडे होतं. जाबिरचा आवाज मोठा आणि हात त्याहून मोठा. त्याने कोकराची जीभ काढून मुतलकपुढे ठेवली, त्यावर शेपटीच्या चरबीचा मुठीएवढा गोळा ठेवला, आणि गरजला, "बिस्मिल्ला! मुतलकभाई, आमच्याकडे लाजायचं नाही!"

मुतलकने पहिला घास घेतला, तो पंचवीस वेळा चावला. दुसरा तीस वेळा. समोरच्यांनी तेवढ्यात परातीत चांगली खिंडारं पाडली होती. चौथ्या घासानंतर त्याने चरबीचा गोळा बोटांनी ढकलत ढकलत डावीकडे गानिमच्या हद्दीत नेला. मग उजवीकडच्या माणसाशी पावसापाण्याचं बोलून परत वळला, तर गोळा त्याच्यासमोर. त्याने पुन्हा ढकलला. आणखी तीन घासांनंतर तो पुन्हा हजर, आणि या खेपेला सोबत बरगडीचा एक तुकडाही होता.

"खा की मेल्या!" मुतलक दात न उघडता कुजबुजला.

"दाजी, मला नाही जमायचं."

"नाही जमायचं? तू तर घरून उपाशी यायचास!"

गानिमने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि त्यातून शिंक आली. मग दुसरी. मग तिसरी. परातीवरच्या सगळ्यांनी एका सुरात म्हटलं, "अल्लाहची दया असो!"

मुतलकचा हात भातात तसाच राहिला. "कुठं केलंस?"

"इस्तंबूल."

"फिरायला गेला होतास तेव्हा?"

"दोन महिने झाले. ताईलासुद्धा माहीत नाही." गानिमचा सैल पायघोळ झगा एकाएकी मुतलकला फारच सैल दिसू लागला. "तुम्हाला कुठल्या तोंडानं सांगणार होतो? वर्षभर तुमच्या मागं चाललो, दाजी. तुमचे साठ गेले, माझा एक किलो हलला नाही. बायको रोज म्हणायची, दाजींसारखं मन घट्ट करा. मला वाटलं, माझ्यातच काहीतरी खोट आहे."

मुतलकला मान वर करवेना. आपण लोकांना फसवलं एवढंच त्याला आजवर माहीत होतं. त्यातला एक जण रोज रात्री स्वतःला दोष देत झोपत होता, हे त्याच्या गावीही नव्हतं. त्याला खूप लाज वाटली. त्या लाजेच्या भरात त्याने भान न राहून एक मोठा घास तोंडात टाकला, आणि तो आठवा होता.

पहिल्या शिंकेला परात म्हणाली, "अल्लाहची दया असो." दुसरीला शेजारच्या पराती म्हणाल्या. तिसरीला जाबिर उठून उभा राहिला.

"पाहुण्यांना गारवा बाधला! आणि मेहुण्यांनाही! अरे, तंबूचे पडदे सोडा! शेगडी आणा! झगा आणा!"

उंटाच्या लोकरीचा जाडजूड झगा मुतलकच्या खांद्यांवर पडला, दुसरा गानिमच्या. पेटलेल्या निखाऱ्यांची शेगडी पाठीशी आली. "एवढ्यानं भागणार नाही," जाबिर म्हणाला, "आतून ऊब पाहिजे." आणि सर्दीवरचा अक्सीर इलाज म्हणून चरबीचा तवंग असलेला रस्सा, वाडगाभरून, मुतलकच्या ओठांना लागला. नाही म्हणायला तोंड उघडावं तर त्यात रस्सा. त्याने दोन घोट घेतले. छातीच्या मधोमध कुणीतरी मूठ आवळून बसल्यासारखं झालं, तोंडात मळमळीचं पाणी आलं, कपाळावर घाम डवरला.

"घाम फुटला!" जाबिर आनंदाने ओरडला. "ताप उतरला! आता बघा कशी सपाटून भूक लागते!" आणि त्याने बरगड्यांची अख्खी फळी तोडून मुतलकपुढे आदळली.

मुतलकने परातीकडे पाहिलं. डोंगर अजून निम्म्याहून जास्त शिल्लक होता. समोर बसलेली माणसं सकाळपासून उपाशी राहून आली होती आणि त्यांचे हात आत्ता कुठे रंगात आले होते. आता दोनच वाटा होत्या. बसून राहिलो तर मिनिटभरात सगळ्यांच्या देखत मानाच्या परातीत उलटी. उठलो तर तंबूभर माणसं उपाशी आणि हाजींच्या अन्नाला नावं. दोन्हीकडून मनायरचं लग्न मोडत होतं. "नुसतं जेवून या," पोर म्हणाली होती. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि लोकांना वाटलं रश्श्यातली मिरी. शेवटी उलटीपेक्षा उठणं बरं, असं ठरवून त्याने हात परातीतून वर उचलायला सुरुवात केली.

तो हात मध्येच कुणीतरी धरला. बोटं हाडकुळी होती, पण पकड पोलादी.

हाजी शाफी त्याच्या उजव्या बाजूला खाली बसत होते. सगळ्यांचे हात परातीत थांबले, कारण हाजी पाहुण्यांबरोबर जेवायला बसल्याचं आजवर कुणी पाहिलं नव्हतं. "आज मी सोयऱ्याशेजारी जेवणार," ते मोठ्याने म्हणाले. "तुम्ही चालू द्या." मग त्यांनी भाताची शितं चिमटीत घेतली, ती बराच वेळ चावली, आणि ओठ न हलवता पुटपुटले, "हात वर नेऊ नकोस. खाली ठेव. मांस तोड."

"हाजी, मला आता एक घाससुद्धा..."

"खा कोण म्हणतंय? तोड आणि समोरच्याला दे. मानाच्या पाहुण्याच्या हातचा घास कुणी नाकारत नाही."

मुतलकने बरगडीचा लुसलुशीत तुकडा सोडवला आणि समोरच्या माणसापुढे धरला. तो माणूस लाजला, सुखावला आणि दुसऱ्या क्षणी तुकडा गट्ट. मग त्याच्या शेजाऱ्याला. मग पलीकडच्या परातीवर हात लांबवून जाबिरला. "वाहवा! काय दिलदार माणूस!" अशी कुजबुज सुरू झाली. हात अखंड चालत होता, तोंड बंद होतं, आणि परात भराभर रिकामी होत होती. छातीतली मूठ हळूहळू सैल पडली. जीभ आणि चरबीचा गोळा जाबिरच्याच पोटात गेला आणि जाबिरला गहिवरून आलं.

पाहुण्याला सोबत म्हणून हाजींनीही चार-पाच घास खाल्ले होते. ते सावकाश मागे वळले आणि त्यांनी तीन शिंका दिल्या.

मुतलक त्यांच्याकडे बघतच राहिला.

"बत्तीस वर्षं झाली," हाजी नाक पुसत हळूच म्हणाले. "आतड्यापाशी व्रण झाला होता. डॉक्टरनं अर्ध्याहून जास्त पोट काढून टाकलं. तेव्हापासून मी कुणाकडे जेवायला जात नाही, लोकांनाच बोलावतो. यजमानानं काय खाल्लं ते कुणी बघत नाही. उलट दानशूर म्हणून नाव होतं."

"म्हणजे तुम्हाला कळलं होतं?"

"तू पहिला घास चावत होतास तेव्हाच. दात असलेला माणूस इतका वेळ चावत नाही."

मुतलकने हळूच विचारलं, "मग सोयरीक?"

हाजींनी परातीकडे पाहिलं. परातीवरची माणसं हाडं चोखत होती. "पोट कापलंस त्याचं मला काही नाही," ते मुतलकच्या कानाशी म्हणाले. "खोटं सांगत फिरलास ते मला आवडलं नाही. मी नुसतं लपवलं. तू लोकांना मागं चालायला लावलंस. हा तुझा मेहुणा बघ, हिरवा पडलाय. घरी पोचायच्या आत त्याला खरं सांग. सांगितल्याचा मला फोन आला की अंगठी पाठवतो. नाही आला, तर नाही."

परतताना गाडी गानिम चालवत होता. जहरा मागे पडलं तरी मुतलक हवापाण्याचंच बोलत होता. पाचवा सिग्नल गेला, सहावा गेला. घराचा फाटा दिसू लागला तेव्हा तो एका दमात म्हणाला, "गानिम, तुझ्यात काही खोट नाही. मीही कापून घेतलंय. अम्मानला. चालण्यानं माझे फार तर चार किलो गेले असतील."

गानिमने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

"पहाटे पाचला," तो शांतपणे म्हणाला.

"हो."

"जानेवारीत. कानटोपी घालून."

"चुकलं माझं."

"गुडघ्याला पट्टा बांधून, दाजी!" आता गानिमचा आवाज चढला. त्याने स्टिअरिंगवर दोन बुक्के मारले. भोंगा वाजला आणि शेजारून जाणाऱ्या टँकरवाल्याने शिवी हासडली. मग गानिम हसू लागला, हसता हसता रडू लागला, आणि डोळे पुसून म्हणाला, "म्हणजे मी नालायक नव्हतो."

"नव्हतास रे. नालायक मी."

"ते आहेच. उद्या त्या दहा जणांनाही सांगायचं. आणि उद्यापासून तुमच्या चहात साखर पडली की मी थेट ताईला फोन करणार."

मुतलकने मान्य केलं आणि गानिमच्या समोरच हाजींना फोन लावला. दुसऱ्या पहाटे त्याने समुद्रावर सगळ्यांना खरं सांगितलं. चौघांनी बोलणं टाकलं, तिघांनी तिथल्या तिथे त्याच्याकडून डॉक्टरचा पत्ता घेतला, आणि उरलेले तिघे म्हणाले की इतक्या लवकर उठायची सवय लागलीच आहे तर चालूच. अंगठी रविवारी आली.

जूनमध्ये मुतलकच्या घरी लग्नाचा करार झाला. त्याचं वजन तोवर एक्क्याण्णववर आलं होतं, कारण गानिम टपरीवर पहारा देई. यजमान म्हणून मुतलक निर्धास्त होता. त्याला उभं राहून आग्रह तेवढा करायचा होता. अडकले होते ते हाजी. नातवाच्या लग्नात मानाच्या पाहुण्याची जागा टाळणार कशी? त्यांनी आपली जुनी युक्ती काढली आणि शेजारच्या गानिमला घास भरवला. गानिमने हाजींच्या हातचा म्हणून खाल्ला, दुसरा खाल्ला, आणि तिसऱ्याला शिंकला. हाजींनी जरा इकडेतिकडे पाहिलं आणि मोठ्याने म्हणाले, "यजमानानंही आज माझ्या हातचं खायचं!" मुतलक दातओठ खात खाली बसला. त्याला जीभ मिळाली, अख्खी. थोड्याच वेळात तोही शिंकला, आणि पाठोपाठ हाजीही.

"अरे, पाहुण्यांना गारवा बाधला!" जाबिर ताडकन उठला. "एसी बंद करा! सगळे एसी बंद करा!"

बाहेर पारा अठ्ठेचाळीसवर होता. सात मिनिटांत सगळ्यांचे कपडे अंगाला चिकटले. तेव्हा हाजींनी अल्लाहचे आभार मानून सावकाश हात वर उचलला, आणि पन्नास माणसांनी इतक्या आनंदाने हात उचलले की असं जेवण पूर्वी झालं नव्हतं असं पुढे बरेच दिवस लोक बोलत होते. सगळे आपापल्या गाड्यांच्या थंडाव्यात पळाले. मागे राहिल्या पाच पराती, जवळजवळ भरलेल्या.

नूरिया आतल्या खोलीतून आली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आता हे एवढं कोण खाणार?"

मुतलक, गानिम आणि हाजी तिघेही छताकडे पाहू लागले.

"फलाहला बोलवा," मनायर म्हणाली. "त्यानं सकाळपासून काही खाल्लेलं नाही."

नवा जावई आला, त्याने बाह्या सारल्या आणि परातीपुढे मांडी घातली. त्याचे पहिले दहा घास होईपर्यंत मुतलक त्याच्या नाकाकडे बघत उभा राहिला. शिंक आली नाही. मग त्याने अल्हम्दुलिल्ला म्हणून दुसरी परात जावयाच्या पुढ्यात सरकवली.